भेटवहीतला नारळ

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात बंगळूरला आमच्या जे. पी. नगरच्या घराची बेल वाजली की बायको स्वयंपाकघरातूनच विचारायची, "माणूस आलाय की डबा?"

मी तेव्हा होसूर रोडकडच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात होतो. आम्ही पंपाच्या मोटारी बनवायचो. पुरवठादार पुष्कळ होते आणि दिवाळीत प्रत्येकाचा डबा घरी यायचा. कधी काजूकतली, कधी सुका मेवा, एकदा तर मिठाईखाली चांदीचा दिवा. मी तो डबा दारातच परत करायचो. आणणारा बहुधा मालकाचा ड्रायव्हर असायचा. "बेडा," म्हणायचो मी, नको. तो हात जोडायचा, "स्वल्प तरी घ्या सर, नाहीतर मलाच बोलणी बसतील." मग मी त्याला चिठ्ठी लिहून द्यायचो की डबा पोचला, मी घेतला नाही, यात ड्रायव्हरचा दोष नाही.

यात फार मोठं तत्त्व वगैरे नव्हतं. ज्याची काजूकतली ऑक्टोबरात खाल्ली त्याला जानेवारीत "तुमच्या मालात शंभराला सहा नग खराब आहेत" असं ठणकावून सांगता येत नाही, एवढाच माझा हिशोब होता. पण घरात त्याचा त्रास व्हायचा. वरच्या मजल्यावर आमच्याच कारखान्यातले एक गृहस्थ राहत. त्यांच्याकडे डब्यांची उतरंड लागायची. आमची मुलगी लहान होती, तिने एकदा विचारलं, "बाबा, आपल्याला कुणीच कसं काही देत नाही?" बायको म्हणाली, "देतात गं. तुझे बाबा पोस्टमन आहेत, परत पोचवतात."

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका परदेशी कंपनीने आमच्या कारखान्यातला अर्धा हिस्सा घेतला. नवी यंत्रं यायच्या आधी एक निळ्या कव्हरची इंग्रजी पुस्तिका आली. धंदा नीतीने कसा करावा हे तीत कलमवार लिहिलं होतं. पुरवठादाराकडून काहीही घरी आलं तर ते नोंदवायचं, वार्षिक दर मागवण्याच्या काळात तर काडीही घ्यायची नाही, वगैरे. मला ती पुस्तिका आवडली, हे मी लपवत नाही. मी एकट्याने दारात उभं राहून जे बोलायचो ते आता कंपनी बोलणार होती.

पुस्तिकेबरोबर एक वही आली. तिला आम्ही भेटवही म्हणू लागलो. ती माझ्याकडे सोपवली गेली. नवे साहेब पुण्याहून आले होते, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, हुशार आणि वागायला चांगले. म्हणाले, "तुम्ही तर नॅचरल आहात या कामाला. आधीपासूनच करताय. आता फक्त ऑफिशियली करा."

पहिल्या वर्षी भेटवहीत ज्या नोंदी झाल्या त्यातल्या बहुतेक माझ्या स्वतःच्या होत्या. इतरांचे डबे सासऱ्यांच्या पत्त्यावर जाऊ लागले होते. मी हे साहेबांना सांगितलं. ते हसले. "सिस्टिम सेटल व्हायला वेळ लागतो हो."

आमच्या पुरवठादारांत एक सुतार होता. मोटारी पाठवायला लाकडी खोकी लागत, ती तो करून द्यायचा. मूळचा निपाणीकडचा, पण पंचवीस वर्षांपूर्वी बंगळूरजवळच्या आनेकलला येऊन तिथलीच बायको करून तिथलाच झालेला. आनेकलला घराच्या पुढच्या बाजूला त्याचा कारखाना होता, चौदा माणसं कामाला. त्यातले निम्म्याहून जास्त हात आमच्या खोक्यांवर चालत. आम्ही सगळे त्याला मेस्त्री म्हणायचो. तो मला अण्णा म्हणायचा, बायकोला अक्का. कारखान्यात माझ्याशी मराठी बोलणारा तो आणि साहेब एवढे दोघेच. साहेबांच्या मराठीत निम्मं इंग्रजी असायचं, मेस्त्रीच्या मराठीत निम्मं कानडी. मेस्त्रीने मला कधी डबा पाठवला नाही. वर्षभरात एकदा खिळ्यांवरून आमचं भांडण व्हायचं. तो बारीक खिळा मारायचा, मी खोकं परत पाठवायचो. "अण्णा, तुम्ही मोटर पाठवता का हत्ती?" असं म्हणत तो नवीन खोकं आणून द्यायचा.

त्या वर्षी परदेशातून पत्र आलं की कारखान्याने आसपासच्या गावासाठी काहीतरी करावं. सामाजिक जबाबदारी हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. साहेबांनी आनेकलमधली एक सरकारी शाळा पाहिली. मुलं जमिनीवर बसत होती. बाक द्यायचं ठरलं. बाहेरून येणाऱ्या यंत्रांची मोठी खोकी आमच्या आवारात पडून होती, त्यांचं लाकूड वापरायचं. आणि मेस्त्रीला बोलावून साहेब म्हणाले, "मेस्त्री, लाकूड आमचं, काम तुमचं. तुमचंही समाजकार्य होईल."

मेस्त्रीने चाळीस बाक केले. मजुरी त्याने मागितली नाही, कारण मागायची सोय नव्हती. प्रत्येक बाकाच्या पाठीवर आमच्या कंपनीचं नाव रंगवलेलं होतं. समारंभाला मी होतो. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला होता. फोटोत साहेब, मुख्याध्यापिका आणि मुलं होती. मेस्त्री मागे वाकून एका बाकाचा डुगडुगणारा पाय बसवत होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका रविवारी सकाळी बेल वाजली. बायकोने नेहमीचा प्रश्न विचारला. मी दार उघडून म्हणालो, "माणसं आहेत."

मेस्त्री आणि त्याची बायको होती. मोठ्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आमंत्रण द्यायला आले होते. आमंत्रण देण्याची त्यांची रीत आपल्यासारखीच, फक्त जरा जास्त साग्रसंगीत. मेस्त्रीच्या बायकोने माझ्या बायकोला हळदकुंकू लावलं, ओटीत नारळ, खण, विड्याची पानं आणि एक छोटा कुंकवाचा करंडा घातला. पत्रिकेवर अक्षता ठेवून दोघांनी ती आम्हा दोघांच्या हातात दिली. बायकोने चहा केला. मेस्त्री म्हणाला, "अण्णा, खोकी जरा उशिरा आली तर ओरडू नका या महिन्यात. हॉलला उशीर चालत न्हाई."

ती माणसं गेल्यावर मी त्या करंड्याकडे पाहत बसलो. जर्मन सिल्व्हरचा होता. सगळं मिळून शंभर रुपयांच्या आत. पण खोक्यांचे वार्षिक दर मागवलेले होते. दरांची बंद पाकिटं यायला सुरुवात झाली होती, दहा दिवसांनी उघडायची होती.

बायको म्हणाली, "लिहिणार तुम्ही."

"लिहायला लागेल."

"लग्नाचं आमंत्रण आहे ते."

"तसंच लिहीन. लग्नाचं आमंत्रण, सोबत नारळ."

"आणि वरच्या मजल्यावर काल मिक्सर आला, तो कोण लिहिणार?"

पण वही माझ्या हातात होती आणि इतरांच्या नोंदी नाहीत म्हणून मी दर महिन्याला चिडत होतो. माझ्या घरचं मी वगळलं तर मग चिडण्याचाही हक्क राहिला नसता. सोमवारी मी नोंद केली. नारळ एक, खण एक, पानं, कुंकवाचा करंडा एक, चांदीचा नाही. निमित्त, मुलीच्या लग्नाचं आमंत्रण. आजही ती वही समोर आली तर मी हेच लिहीन. मला वाटलं होतं, साहेब सही करतील आणि पान उलटेल.

साहेबांनी बोलावून घेतलं.

"हे बघा, मला कळतंय इट्स अ वेडिंग इन्व्हिटेशन. पण टायमिंग बघा ना. कोटेशन उघडायला दहा दिवस, आणि हा घरी येतो, फॅमिलीसकट."

"लग्नाचा मुहूर्त त्याने आपल्या कोटेशनवरून काढलेला नाही."

"हे ऑडिटरला कसं सांगणार?"

"असंच सांगायचं."

ते खुर्चीत मागे टेकले. पुस्तिकेत स्पष्ट होतं की दराच्या काळात वस्तू दिली तर त्या पुरवठादाराचं पाकीट उघडायचंच नाही, एक वर्ष. मेस्त्रीच्या बाबतीत एक वर्ष म्हणजे काय, ते मी त्यांना सांगितलं. चौदा माणसं, त्यातली आठ-नऊ आपल्या खोक्यांवर, आणि घरात लग्न. तेही विचारात पडले. म्हणाले, "वस्तू परत करून टाका. मग मला लिहिता येईल की रिटर्न्ड."

संध्याकाळी मी बायकोला विचारलं. ती भाजी निवडत होती. तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"माझी ओटी भरलीय तिने. ती परत करायची म्हणजे काय करायचं? तिच्या दारात जाऊन पदर झटकू? लग्नघरात?"

"मी फक्त विचारलं."

"विचारलंत तेच पुष्कळ झालं."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं की वस्तू परत जाणार नाहीत, आणि का जाणार नाहीत तेही सांगितलं. मग मी बाकांचा विषय काढला. मी म्हणालो, चाळीस बाकांची मजुरी या माणसाने कंपनीला फुकट दिली. बाजारभावाने ती धरली तर या करंड्यासारखे काहीशे करंडे येतील. आणि तेही दर मागवायच्या तोंडावरच. ते भेटवहीत कुठे आहे?

"ते कंपनीला दिलं. तुम्हाला नाही. शिवाय ती चॅरिटी आहे."

"कुणाची?"

साहेबांना राग आला नव्हता. दमलेले दिसले, माझ्याइतकेच. त्यांच्यावरही कुणीतरी होतं आणि त्याच्याकडेही अशीच एखादी वही असणार. ते म्हणाले, "तुम्ही बरोबर बोलताय, पण हे बोलून त्या माणसाचं पाकीट उघडणार नाही. असं काहीतरी द्या ज्याने ते उघडेल."

मग एक मधला मार्ग निघाला. मेस्त्रीकडून लेखी खुलासा घ्यायचा. मजकूर मुंबईच्या वकिलांकडून फॅक्सने आला. मी त्याचं मराठी करून घेतलं, म्हणजे मेस्त्रीला न कळता सही व्हायला नको. त्यात दोनच वाक्यं होती. पहिलं, दिलेल्या वस्तू धंद्यातल्या फायद्यासाठी दिल्या नव्हत्या. दुसरं, यापुढे कंपनीच्या कोणत्याही कर्मचाऱ्याच्या घरी वा हाती, कोणत्याही निमित्ताने, काहीही देणार नाही. दुसऱ्या वाक्यातलं 'कोणत्याही निमित्ताने' काढा असं मी दोनदा म्हटलं. ते निघालं नाही.

तो कागद घेऊन मी आनेकलच्या बसमध्ये बसलो. माणसाच्या हातून पाठवावं असं ते नव्हतं.

मेस्त्रीच्या दारात माणसं मांडवाचे खांब पुरत होती. आत करवत चालू होती. त्याने करवत बंद करायला लावली, मला स्टूल दिलं, कागद हातात घेतला आणि उभ्याउभ्याच वाचला. मग पुन्हा वाचला.

"आमंत्रण दिलं म्हणून माफी मागायची?"

"माफी नाही. खुलासा."

"एकच की ते." त्याने दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं. लाकडाचा भुसा कागदावर पडला. "म्हणजे अण्णा, उद्या तुमच्या घरात काय बरंवाईट झालं तर मी हार बी आणायचा न्हाई?"

मी त्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं. नोंद मी केली. कुणी चुगली केली नाही. सही झाली नाही तर पाकीट उघडणार नाही, एक वर्ष. बाकांचा विषय मी काढला होता, उपयोग झाला नाही.

"तुम्ही लिवलं?"

"मी लिहिलं."

"अक्काला माहीत हाय?"

"तिच्यासमोरच बोललो होतो."

आतून त्याच्या बायकोने कानडीत विचारलं, काय झालं? त्याने तिला सांगितलं, काही नाही, लग्नाचंच काम आहे, पेन दे. मला म्हणाला, "तुमी सांगा. करू का नको?"

"करू नका असं मला म्हणता येत नाही. करा असं म्हणवत नाही."

"बरं हाय. म्हणजे तुमच्याकडनं बी काय घ्यायचं न्हाई." त्याने हात लुंगीला पुसले आणि कानडीत सही केली, ठळक, एकेक अक्षर सुटं. कागद माझ्याकडे देताना त्याचा नेहमीचा आवाज परत आला. "लग्नाला येणार न्हवं? का त्याला बी कागद लागतो?"

"दोघंही येऊ."

"जेवायला लागतंय. जेवण लिवायचं असतंय का वहीत?"

"सार्वजनिक समारंभातलं जेवण चालतं. पुस्तिकेत आहे."

"पुस्तिका बरी हाय की. पोटाची काळजी हाय तिला."

पाकीट उघडलं. मेस्त्रीचाच दर सगळ्यात कमी होता, दरवर्षीसारखा. वर्षाचं काम त्याला मिळालं. हे लग्नाच्या चार दिवस आधी झालं आणि मला वाटलं, निभावलं.

लग्न आनेकलच्या एका छत्रात, म्हणजे तिकडच्या मंगल कार्यालयात होतं. आम्ही बसने गेलो. बायकोने त्याच खणाची चोळी शिवून घातली होती. मला न विचारता. जेवण केळीच्या पानावर होतं, पुरणपोळीला तिकडे होळिगे म्हणतात, ती वाढणारे हात थांबत नव्हते. मेस्त्री पंगतीतून फिरत होता. मला म्हणाला, "अण्णा, होळिगे अजून एक घ्या, बिनधास्त. कलमात बसतंय." शेजारचे त्याचे नातेवाईक हसले. त्यांना अर्थ कळला नव्हता, मेस्त्री थट्टा करतोय एवढं कळलं होतं.

तिकडच्या लग्नात पाहुणा निघाला की दारात त्याला तांबूल देतात. कापडी पिशवीत नारळ, पानं, सुपारी. लहान-मोठा, ओळखीचा-बिनओळखीचा, कुणालाही. सवाष्ण बाई तर तांबुलाशिवाय लग्नघराचा उंबरा ओलांडतच नाही. दारात मेस्त्रीची बायको पिशव्यांच्या ढिगापाशी उभी होती. तिने माझ्या बायकोला कुंकू लावलं आणि एक पिशवी उचलली.

मेस्त्रीने तिचा हात धरला.

ती त्याच्यावर कानडीत तडकली, काय करतोस, अक्का आहेत. त्याने हात सोडला नाही. तो जमिनीकडे बघत होता. मागे पाहुण्यांची रांग थांबली होती. माझी बायको पदर पुढे करून उभी होती. ओटी घ्यायला करतात तसा. तो तिला मागे घेता येईना आणि त्यात काही पडेना. किती वेळ गेला असेल, थोडाच. मला तो फार वाटला. मी बोलायला तोंड उघडलं, पण 'द्या हो' असं म्हणणारा मी कोण होतो? सही मीच आणली होती.

मग मेस्त्रीने मान वर केली आणि हाक मारली, "बीगरू! स्वल्प इकडं या."

बीगरू म्हणजे व्याही. मुलाचे वडील, किराणा दुकानवाले, फेटा बांधलेले गृहस्थ, घाईघाईने आले. मेस्त्रीने त्यांच्या हातात पिशवी दिली आणि माझ्या बायकोकडे बोट दाखवलं. त्यांनी काहीही न विचारता ती पिशवी तिच्या पदरात ठेवली आणि नमस्कार केला.

"अक्का," मेस्त्री म्हणाला, "हे माझं न्हवं. मुलाकडचं हाय. त्यांचा तुमच्या कंपनीशी काय बी संबंध न्हाई." मग माझ्याकडे वळून, "बघा सर, चालतंय का."

सगळे हसले. मीही हसलो. सर हा शब्द त्याने माझ्यासाठी पहिल्यांदा वापरला, हे बसमध्ये माझ्या लक्षात आलं. बायको खिडकीशी, पिशवी मांडीवर. आनेकल सुटल्यावर ती म्हणाली, "तुम्ही खोटं काहीच केलं नाहीत." ती समजूत घालत होती की दोष देत होती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या वर्षअखेरीस परदेशातून तपासणीला माणसं आली. भेटवही पाहून ती खूश झाली. माझी नोंद आणि तिला जोडलेला मेस्त्रीचा खुलासा यांची नक्कल त्यांनी प्रशिक्षणासाठी मागून घेतली. चांगली नोंद कशी करावी याचा नमुना म्हणून. वार्षिक अहवालात शाळेच्या बाकांचा रंगीत फोटो आला. वरच्या मजल्यावर मिक्सर चालू होता.

खोकी वेळेवर येत राहिली. खिळे आता जाडच असायचे. मला एकही खोकं परत पाठवावं लागलं नाही, त्यामुळे बोलायलाही काही उरलं नाही. बिलं तो टपालाने पाठवायचा. आमच्या घरी तो पुन्हा आला नाही.

पुढच्या वर्षी एकदा मी माल उतरताना फाटकापाशी गेलो. मेस्त्री टेम्पोजवळ उभा होता, हातात पेढ्यांचं खोकं. एजन्सीच्या पहारेकऱ्याला पेढा दिला, कंत्राटी हमालांना दिला, आमच्या कारकुनाने हात पुढे केला तर हसून त्याला चुकवून पुढे गेला. माझ्यासमोर येऊन थांबला.

"नातू झाला, सर."

"अरे वा! मेस्त्री, अभिनंदन. मुलगी बरी आहे?"

"दोघं बी बरी हायत." त्याने खोक्याचं झाकण लावलं, सावकाश, चारही कोपरे दाबून, जसं तो मोटारीच्या खोक्याचं लावायचा. "अक्काला सांगा."

मी सांगतो म्हणालो. घरी येऊन सांगितलंही. बायकोने देवापुढे साखर ठेवली आणि चिमूटभर माझ्या हातावर दिली.